बाजूला बसणाऱ्या बाई

यशवंतपूर, बेंगळूर
१९ जुलै १९९४

अक्का,

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, पण हे पत्र न फोडता परत पाठवू नकोस. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याच जुन्या कॉलेजात नोकरी धरली, तेव्हा तू "तिथं जाऊ नको" एवढंच म्हणालीस. का, ते सांगितलं नाहीस. मीही "तुला माझं बरं बघवत नाही" म्हणून मोकळी झाले. ते भांडण उकरायला आज बसलेले नाही. एका शब्दाबद्दल विचारायचं आहे, आणि इंग्रजीतलं काही अडलं की अजूनही तुझंच नाव आठवतं, त्याला मी काय करू?

यंदा मला पीयूसीच्या पहिल्या वर्षाच्या, म्हणजे अकरावीच्या, मुली दिल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर तुझा तो धडा, 'द कॅम्प बाय द टँक'. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कॅप्टनची बायको. तळ्याकाठी तंबूत राहते, मुलगी तापानं जाते, नवरा जमिनी मोजायला पुढं निघून जातो, आणि ही एकटी मागं राहून लिहीत बसते. मुलींना टँक म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी वाटली. मी सांगितलं, त्या काळी हे लोक आपल्याकडच्या केरेला, तळ्याला, टँक म्हणायचे. आणि बोलता बोलता हेही सांगून टाकलं की ती केरे म्हणजे बुजवून केलेलं आपलं खेळाचं मैदानच असणार. वर्ग जरा जागा झाला.

मग शब्दार्थ घेतले. 'आय शॅल कम टू यू प्रेझेंटली.' प्रेझेंटली म्हणजे काय, विचारलं. सगळ्या म्हणाल्या, सध्या. मी फळ्यावर लिहिणार, इतक्यात मागच्या बाकावरची भव्या उठली. "सध्या नाही मिस. लगेच. त्या क्षणी."

भव्या हणमंतरावांची मुलगी. ते इथल्या एका कारखान्यात फोरमन आहेत. आपल्यासारखीच जुनी मंडळी, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. पोरगी दहावीपर्यंत कन्नड मीडियमला होती, इंग्रजी अजून ओळीवर बोट ठेवून वाचते. म्हणून लायब्ररीतला मोठा शब्दकोश काढला. पानं एकमेकांना चिकटली होती, सुरीनं सोडवावी लागली. जुना अर्थ तोच दिला आहे.

तू कधी या धड्याच्या नोट्स छापल्या होत्यास का? बाहेर कुणाकडं त्या मिळतात का? तेवढंच कळव. बाकी सगळं ठीक आहे.

विमला

६ ऑगस्ट १९९४

अक्का,

तुझं काही आलं नाही. सरी, असू दे. मी आपली लिहिते.

भव्या बाकाच्या टोकाला बसते आणि आतली जागा रिकामी ठेवते. आधी तिथं सौम्या बसायची, तिची शाळेपासूनची मैत्रीण. सौम्यानं आपणहून पुढचा बाक घेतला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथं ओल येते मिस." मी तास संपल्यावर बाकाला हात लावून पाहिला. कोरडा होता. थंड मात्र होता, आणि खिडकीतून त्याच्यावर ऊन पडलेलं होतं.

त्या दिवशी 'शी सफर्ड द चाइल्ड टु सिट बाय हर' हे वाक्य आलं. मुलींनी लिहिलं, मूल शेजारी बसल्यामुळे तिला त्रास झाला. भव्यानं मान हलवली. "त्रास नाही मिस. तिनं बसू दिलं. सफर म्हणजे बसू देणं." बरोबर आहे, जुन्या भाषेत तसंच. मी जवळ जाऊन मराठीत विचारलं, "कुणी सांगितलं गं तुला?"

"बाजूला बसणाऱ्या बाईंनी."

एकही मुलगी हसली नाही, अक्का. चाळीस मुलींच्या वर्गात एखादी तरी फिसकन हसते.

पुढचं वाक्य होतं, 'शी वॉन्टेड अ डॉटर.' मी घाईनं अर्थ सांगून टाकला, तिला मुलगी हवी होती. भव्या शांतपणे म्हणाली, "हवी नाही मिस. नव्हती. तिच्याजवळ मुलगी नव्हती, एवढाच अर्थ आहे." तोही बरोबर. वॉन्ट म्हणजे पूर्वी नुसती उणीव. मी 'गुड' म्हणाले आणि पान उलटलं. तेव्हा तिनं विचारलं, "मग मिस, नसण्याचं हवं असणं कधी झालं?"

हा भाषेच्या इतिहासातला सरळ प्रश्न आहे. परीक्षेत कुणी विचारला असता तर मी खूश झाले असते. वर्गात मात्र मला खडू खाली ठेवावा लागला.

तुला हे वाचून काय वाटतं ते लिही. काहीच वाटत नसेल तर तसं लिही.

विमला

२३ ऑगस्ट १९९४

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. "तो धडा बंद कर. त्या मुलीला अर्थ विचारू नकोस. तिच्या घरी जाऊन ये." नमस्कार नाही, कशी आहेस नाही. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि दोन वर्षांपूर्वी तू मला फक्त 'जाऊ नको' म्हणालीस! राग आला. तरी घरी जाऊन आले.

मार्केटच्या मागं तीन खोल्या, दारात तुळस, आत दुपारची वेळ असूनही दिवा लावलेला. हणमंतराव सुट्टीवर होते. मला बघून हातच जोडले. "मिस, तुम्ही जादू केलीत. पोरगी दिवसभर इंग्रजी बोलते. आमच्या साहेबांनासुद्धा तसं येत नाही. आमच्या सात पिढ्यांत असं कुणाला आलं नाही."

सोयराबाई, भव्याची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नवरा चहाला दूध आणायला गेला तशा पुढं आल्या. "मिस, इंग्रजी येऊ दे, चांगलंच आहे. पण मराठी का जायला पाहिजे हो?"

"जाते म्हणजे?"

"परवा तहान लागली तर भांड्याकडं बोट दाखवत उभी राहिली. पाणी म्हणायला येईना. रडली. मग इंग्रजीत मागितलं. काल मला हाक मारायची होती, तर नुसतं तोंड उघडून बघत राहिली. अम्मा नाही, आई नाही, काही नाही." दाराकडं बघून त्या म्हणाल्या, "रोज एखादा शब्द कमी होतो, मिस. मी मोजत नाही. भीती वाटते."

भव्या आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. केसांचा मधोमध भांग पाडून कानांवरून ते घट्ट मागं ओढले होते. आपल्याकडं कोण असे कान झाकून केस बांधतं? मी म्हटलं, "काय गं भव्या, काय चाललंय?" तिनं माझ्याकडं पाहिलं. आपण एखाद्या परक्या गावी बाजारातला गलका ऐकतो ना, तसं. आवाज ऐकू येतो, बोलणं नाही.

मी इंग्रजीत विचारलं, तशी लगेच उठून उभी राहिली आणि हसली. चहा न घेताच मी निघाले.

धडा मी बंद केलेला नाही. सिलॅबस आहे, हेड आहेत. पण आता तू मला सगळं सांग. कार्डावर नको.

विमला

१४ सप्टेंबर १९९४

अक्का,

तुझं मोठं पत्र आलं. दोनदा वाचलं.

इतकी वर्षं आपल्या घरात काय बोललं जात होतं तुला माहीत आहे. कृष्णाबाईंना, म्हणजे तुला, चांगली लागलेली नोकरी जड झाली, कुणाच्या तरी पोरीच्या नादानं संडूरला जाऊन बसल्या. मीही तेच म्हणत होते. सुप्रीता हे नावसुद्धा मला तुझ्या पत्रातून आज कळलं. तीही त्याच बाकावरची, तोच धडा, तशीच हुशार होत गेली, आणि तिला कुणीतरी अर्थ सांगतंय हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत आईबापांची भाषाच तिला कळेनाशी झाली. माणसं तिला संडूरला घेऊन गेली, आणि तू मागोमाग. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून तू तिला मराठी शिकवतेस. ताट, वाटी, भिंत, पाऊस. सहा वर्षं. मागच्या महिन्यात ती आपणहून 'चटणी' म्हणाली, हे तू केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आहेस.

"ती बाई एक अर्थ देते आणि एक शब्द नेते. तिला वाईट करायचं नसावं. तिचं बोलणं ऐकून समजेल असं माणूस तिला हवं आहे, आणि समजायला जागा लागते." तुझं हे वाक्य मी पाठ केलं आहे.

गणपतीच्या सुट्टीनंतर मी धडा खरंच थांबवला. व्याकरण घेतलं. रिपोर्टेड स्पीच, त्यात कसली बाई येणार? वाक्यं मी मनची घातली होती, बसच्या कंडक्टरची, डॉक्टरची. भव्याच्या वहीत मात्र वेगळंच वाक्य होतं. 'कम टू मी, चाइल्ड.' मी म्हटलं, हे मी दिलेलं नाही. आणि दिलं असतं तरी ते बदलून लिहायचं असतं, तिनं त्या मुलीला आपल्याकडं यायला सांगितलं, असं. भव्या म्हणाली, "बदलायचं कसं मिस? ती अजून बोलतेय."

हे तिनं इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत लिहिते आहे, एवढंच.

सोयराबाईंना मी निरोप दिला आहे की रोज दुपारचा डबा स्वतः घेऊन या आणि पोरीच्या समोर बसून बोलत राहा, तिला कळो न कळो. त्या येतात. व्हरांड्यात पाय पसरून बसतात आणि बोलतात. शेजारणीचं, नळाचं, चुलत नणंदेच्या लग्नाचं. भव्या भिंतीकडं बघत जेवते.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. त्या दिवशी प्रेझेंटलीचा अर्थ मी विचारला, तेव्हा भव्या उठायच्या आधीच 'लगेच' असं मला ऐकू आलं होतं. माझ्या खांद्यामागून, इंग्रजीतच. मला वाटलं, माझं मलाच आठवलं.

विमला

२९ सप्टेंबर १९९४

अक्का,

भव्या सुखरूप आहे. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

गेला आठवडाभर इथं धो-धो पाऊस. मैदानात पाणी साठलं, गोलपोस्टचे पाय बुडाले. सगळे म्हणत होते, बघा, केरे परत आली. काल दुपारी पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. मी शिकवत होते आणि भव्या उठली. विचारलं नाही, दप्तर घेतलं नाही, सरळ दाराबाहेर. खिडकीतून बघते तर ती पायऱ्या उतरून पाण्याकडं चाललेली. उजवा हात अंगापासून थोडा बाजूला. लहान मुलाचं बोट मोठ्या माणसानं धरल्यावर तो हात जसा असतो, तसा.

मी पळाले. "भव्या! भव्या, थांब!" वळलीच नाही. नाव कुणा दुसऱ्याचं असावं तशी चालत राहिली. पाणी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मैदान सपाट आहे, अक्का, मी रोज बघते. तिथं माणूस बुडेल इतकं खोल काही नाही. पण ती उतरणीवरून चालावं तशी खाली खाली जात होती, आणि पाणी कमरेवर आलं होतं.

मी पाण्यात शिरले. काहीतरी ओरडले, काय ते आता आठवत नाही. भव्या एकदम अडखळली, कुणी हात सोडावा तशी. तेवढ्यात मागून सोयराबाई आल्या. डबा कुठं फेकला कोण जाणे. लुगडं वर खोचून थेट पाण्यात. पोरीचा दंड धरला आणि सुरू झाल्या. "अगं बयो, नवीन चप्पल! कुठं टाकलीस? ह्या चिखलात? काल आणली ती चप्पल! आणि हा स्कर्ट कोण धुणार, तुझी सासू? चल बाहेर. चल म्हणते ना!" ओढत होत्या, पाठीत धपाटे घालत होत्या, रडत होत्या, आणि चपलेचा विषय काही सोडत नव्हत्या.

पायऱ्यांपाशी आल्यावर भव्या थरथरत म्हणाली, "मारू नको गं आई. एक चप्पल पायात आहे."

सोयराबाईंनी खाली बसून ती चप्पल पदरानं पुसली.

आज भव्या वर्गात आली होती. सौम्या तिच्याजवळ परत बसली. मी मुद्दाम छोटी टेस्ट घेतली. प्रेझेंटलीसमोर भव्यानं इंग्रजीत 'सध्या' असाच अर्थ लिहिला, आणि त्यातही स्पेलिंग चुकवलं. मी बरोबरची खूण केली. हणमंतराव तेवढे हिरमुसले आहेत. "एवढं आलेलं कसं गेलं हो मिस?" असं विचारत होते.

मी ठीक आहे. पाण्यात भिजल्यानं जरा कणकण आहे.

विमला

१० ऑक्टोबर १९९४

अक्का,

मी ठीक नाही. काय ओरडले ते मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

मी इंग्रजीत ओरडले. म्हणाले, तिला सोड, तिला तुझं अर्धंमुर्धंच कळतं. मला सगळं कळतं, मला सांग. विचार करून नाही बोलले. समोर पोरगी जात होती आणि माझ्याजवळ तेवढंच होतं. बाईंनी ऐकलं. इतक्या वर्षांत त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कुणी आपणहून बोललं नसावं.

आता त्या माझ्या बाजूला बसतात. दिवसा, स्टाफरूममध्ये, घरी जेवायच्या पाटावर. वाईट नाहीत. फार एकट्या आहेत. मुलीबद्दल सांगतात. तिला ताप कसा चढला, तंबूवर पाऊस कसा वाजत होता. बोलतात ते इतकं सुंदर असतं की ऐकत राहावं. तू मला लहानपणी वाचून दाखवायचीस, त्यापेक्षाही. हे तुला लिहायला नको होतं, पण आता लपवून काय करू?

शब्द जातात ते समजत नाही. गेल्यावर समजतं. आज सकाळी दाराला लावायचं ते, लोखंडाचं, किल्लीनं उघडतं ते, त्याचं नाव आलं नाही. सोयराबाईंनी सांगितलं. त्या रोज येतात आता, भव्याला कॉलेजात सोडून माझ्याकडं. हे पत्र त्यांच्यासमोर बसून लिहिते आहे. अडलं की विचारते. त्या सांगतात. या पत्रातले पुष्कळ शब्द त्यांचेच आहेत.

अक्का, तू मला 'जाऊ नको' म्हणालीस तेव्हा

कृष्णाबाई यांना सोयराबाईचा नमस्कार. मी भव्याची आई. मला स्वल्प लिहायला येतं, चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या बहिणीनं वरचं लिहिलं, मग पुढं इंग्रजी लिहायला लागली. चार पानं लिहिली. अक्षर त्यांचं नव्हतं. बारीक, तिरकं, लांब शेपटांचं. मी हाका मारल्या, थांबल्या नाहीत. शाई संपली तशा थांबल्या. ती पानं मी बंबात घातली. भव्या म्हणाली, आई, मी वाचते की. मी दिली नाहीत.

तेव्हापासून त्या मराठी बोलल्या नाहीत. माझ्याकडं बघतात. मी ताट पुढं केलं की जेवतात. मधून मधून बाजूला बघून मान डोलावतात.

मी त्यांना संडूरला घेऊन येते. शुक्रवारच्या बसनं. आमच्या घरात नको म्हणाले, दिवाळी तोंडावर, पोरीला कोण बघणार. मी म्हटलं पोरीला तिचा बाप बघेल. ह्या बाईनं माझी पोर मला परत दिली, आणि स्वतः तिच्या जागी उभी राहिली. मी घरात बसून फराळ करू का? बस स्टँडवर तुम्ही या. मला तुमचं घर माहीत नाही आणि त्या सांगू शकणार नाहीत.

त्यांना लहानपणी काय आवडायचं, कुणाशी भांडायच्या, कशाला भ्यायच्या, सगळं आठवून ठेवा. मला बोलायला लागेल, माझं संपत आलं. शेजारणी झाल्या, नळ झाला, माझं माहेर सगळं सांगून झालं. आज सकाळी रव्याचे लाडू सांगत होते. पाक किती तारेचा, रवा कसा भाजायचा. त्या मधेच हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्या हसल्या की ती दुसरी हसली, मला नाही कळलं. मी थांबले नाही. वेलदोडे कुटून घालायचे, म्हटलं, आणि मूठ आवळून लाडू वळायचा तो असा.